अंगण वाकडंच आहे!

‘नाचता येईना, अंगण वाकडं’ ही म्हण ज्या कोणी काढली तो अंगणाचा मालक असला पाहिजे. भाडेकरूच्या तोंडून अशी म्हण निघणं शक्य नाही. नाचणाऱ्यावर खापर फोडून मोकळं व्हायचं आणि अंगणाची मोजणी मात्र कुणी मागायची नाही, अशी ही सोय आहे. या म्हणीवर माझा जुना राग आहे. अलीकडे आमच्या भाच्याने त्यात तेल ओतलं.

भाचा संगणकाच्या कंपनीत आहे. मागल्या वर्षी कंपनीने त्याला दोन महिने बर्लिनला धाडलं. परत आला तेव्हा वजन चार किलोंनी कमी आणि मतं चाळीस किलोंनी जास्त. नंदाखालच्या आमच्या ओटीवर बसून, आमच्याच वाडीतलं केळं सोलत तो म्हणाला, “मामा, आपल्याकडे सीन नाही.”

मी बँकेत काउंटरवर बसतो. पेन्शनच्या तारखेला आमच्या शाखेत जेवढे सीन होतात तेवढे पाच अंकी नाटकातही नसतात. तसं म्हटल्यावर त्याने मला समजावून सांगितलं. यंत्रावर तयार होणाऱ्या नाचाच्या संगीताचा एखाद्या शहरात जम बसतो. तिथे वाजवणारे असतात, रात्रभर नाचणारे असतात, ठरलेल्या जागा असतात, आपापसात गट आणि भांडणंही असतात. या सगळ्याला मिळून सीन म्हणायचं. शिकागोला हाऊस, डेट्रॉइटला आणि बर्लिनला टेक्नो, गोव्याला ट्रान्स.

“आणि विरारला?” मी विचारलं.

“विरारला लोकल,” तो म्हणाला. “आपल्या लोकांना तो कानच नाही, मामा.”

दुसऱ्या दिवशी गाडीत हा विषय काढला, तर आमच्या ग्रुपमधले एक ज्येष्ठ, जे गेली तीस वर्षं खिडकी सोडत नाहीत, ते म्हणाले, “असले थेर आपल्या मातीत रुजायचे नाहीत आणि रुजूही नयेत.” म्हणजे पाहा, एकाला खंत आहे नि दुसऱ्याला आनंद, पण मुद्द्यावर दोघांचं एकमत : हे रक्तात असावं लागतं. जर्मनाच्या आहे, आपल्या नाही.

मी वाणिज्य शाखेचा पदवीधर. वीस वर्षांच्या नोकरीत कुणाच्या रक्तात काही असलेलं मला दिसलं नाही. भाडेकरारात मात्र पुष्कळ काही असलेलं दिसलं. म्हणून या दोघांनाही एकदाच काय ते ऐकवायचं ठरवलं आहे.

कानाचंच म्हणाल, तर चरणजित सिंग यांचं नाव आधी घेतो. हिंदी चित्रपटांच्या वाद्यवृंदात वाजवणारा माणूस. १९८२ साली मुंबईत त्यांनी रोलँड नावाच्या जपानी कंपनीची तीन यंत्रं जोडली, एक तालाचं, एक खर्जाचं, एक सुरांचं, आणि दहा राग डिस्कोच्या ठेक्यावर बसवून एचएमव्हीतर्फे तबकडी काढली. पहिलाच राग भैरवी. मैफल जिथे संपते तिथून यांनी सुरुवात केली! तबकडी खपली नाही. ते खर्जाचं यंत्रही जगात कुठेच खपलं नाही. कंपनीने दोन-तीन वर्षांत ते बंद केलं नि ते जुन्या बाजारात पडेल भावाने मिळू लागलं. म्हणूनच ते शिकागोच्या कडक्या पोरांच्या हाती लागलं. त्यांनी १९८७ साली त्यातून जो आवाज काढला त्याला ॲसिड हाऊस म्हणतात आणि त्यावर युरोप वेडा झाला. पुढे एका डच माणसाला दिल्लीच्या दुकानात चरणजित सिंगांची जुनी तबकडी सापडली, २०१० साली ती नव्याने निघाली, आणि हे मुंबईत पाच वर्षं आधीच होऊन गेलं होतं म्हणून लोकांनी तोंडात बोटं घातली. सत्तरी ओलांडलेले चरणजित सिंग युरोपात जाऊन वाजवून आले. २०१५ साली ते मुंबईत वारले.

आता बोला! यंत्र होतं, कान होता, हात होता, राग तर दहा होते. नव्हती ती एकच गोष्ट. ती तबकडी लावून चारशे माणसांनी पहाटेपर्यंत नाचावं आणि कुणी ‘चला, बंद करा’ म्हणू नये, अशी रिकामी स्वस्त जागा.

बर्लिनला ती होती. १९८९ साली भिंत पडली. भिंतीच्या पूर्वेकडच्या शेकडो इमारती ओस पडलेल्या, आणि त्यांचा मालक कोण हेच ठरत नव्हतं. आमच्या भाषेत सांगायचं तर टायटल क्लिअर नाही. अशा मालमत्तेवर कुठलीही बँक कर्ज देत नाही, त्यामुळे तिथे इमला उठत नाही, त्यामुळे तिथे तरुण मंडळी शिरतात. १९९१ साली त्यांना एका जुन्या मोठ्या दुकानाच्या तळघरात गंजलेल्या लॉकरांनी भरलेली स्ट्राँगरूम सापडली. तिथेच त्यांनी क्लब काढला आणि नाव ठेवलं ‘ट्रेझोर’, म्हणजे तिजोरी! स्ट्राँगरूममध्ये पहाटेपर्यंत शेकडो माणसं नाचतायत या नुसत्या कल्पनेनेच आमच्या मॅनेजरसाहेबांना घाम फुटला. दोन चाव्या कोणाकडे असतात, एवढंच त्यांनी विचारलं.

त्यात पश्चिम बर्लिनने १९४९ सालीच गुत्ते बंद करण्याची वेळ रद्द केलेली. भाडं नाममात्र, घड्याळ नाही, शेजारी तर नाहीच, कारण शेजारची इमारतही ओस. अशा ठिकाणी टेक्नोच काय, अभंगांचा सप्ताहही अखंड चालला असता. मार्च २०२४ मध्ये जर्मनीने बर्लिनच्या टेक्नोला आपल्या अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या यादीत बसवलं. खरं तर त्या यादीत भाडेपावती लावायला हवी होती. कारण जागेला भाव आला तसा तोच ट्रेझोर २००५ साली उठला आणि २००७ साली एका जुन्या वीजघरात जाऊन बसला.

शिकागोचं हाऊस म्हणजे घर नव्हे, वेअरहाऊस. १९७७ साली जुन्या कारखान्याच्या जागेत निघालेल्या क्लबच्या नावाचं ते शेपूट. डेट्रॉइटची वस्ती १९५० साली साडेअठरा लाख होती, २०२० साली साडेसहा लाखांच्या आत. माणसं गेली की खोल्या उरतात, हे सांगायला संगीतशास्त्र लागत नाही.

मँचेस्टरची गोष्ट मात्र आपल्याला जिव्हारी लागण्यासारखी आहे. लँकेशायरमधून यंत्रं आणून मुंबईने गिरण्या उभारल्या. पुढे दोन्हीकडे गिरण्यांचे दिवस फिरले. मँचेस्टरमध्ये १९८२ साली, जिथे पूर्वी शिडाच्या बोटी विकत त्या जागेत, ‘हासिएंडा’ हा क्लब सुरू झाला. एका रेकॉर्ड कंपनीचे आणि एका वाद्यवृंदाचे पैसे त्यात बुडाले, कारण नाचणारी पोरं बिअर न घेता नळाचं पाणी पीत. पण पंधरा वर्षांत त्या मरगळलेल्या शहराला नवं नाव मिळालं. आणि त्याच १९८२ साली, १८ जानेवारीला, मुंबईत गिरणी संप सुरू झाला. अडीच लाखांच्या आसपास कामगार. त्यांतली कितीतरी माणसं पुन्हा गिरणीत गेलीच नाहीत. त्या घरांवर विनोद करण्याची माझी छाती नाही. मी फक्त त्यानंतरच्या शेडांबद्दल बोलतो.

सुमारे ६०० एकर जमीन, उंच छपरं, जाड भिंती. आणि आजूबाजूच्या चाळींत शाहिरी, भजन, लेझीम, दशावतार, नाटक यांवर वाढलेली माणसं. सीन म्हणतात तो व्हायला आणखी काय लागतं? १९९१ च्या नियमात या जमिनीचे वाटे ठरले होते : एक मोकळ्या जागेसाठी, एक सर्वसामान्यांच्या घरांसाठी, एक मालकासाठी. २००१ साली त्यात अशी सुबक दुरुस्ती झाली की हे वाटे फक्त आधीपासून रिकाम्या असलेल्या तुकड्याचे पडायचे. शेडाखालची जमीन मालकाची. २००६ साली सर्वोच्च न्यायालयातही ते टिकलं. मग तिथे मॉल झाले, मनोरे झाले. नाचायच्या जागाही झाल्या, नाही असं नाही. पण तिथे आत शिरायला जेवढे पैसे पडतात तेवढ्यात माझा मासिक पास, माझ्या मुलीचा पास आणि दोघांचा वर्षभराचा वडापाव निघतो. एवढे पैसे मोजून आलेला माणूस नाचत नाही, वसुली करतो. मुंबईकराला कान नाही म्हणणाऱ्या भाच्याने एकदा या ६०० एकरांचा हिशेब मांडावा.

गोव्याचं काय, असं तो विचारणारच. गोव्यात म्हणे समुद्र आहे, चंद्र आहे, मोकळेपणा आहे. अहो, समुद्र आणि चंद्र अर्नाळ्यालाही आहेत. हणजूणला १९६० च्या दशकाच्या अखेरीपासून हिप्पी येऊन राहिले, ते भाडं परवडत होतं म्हणून. १९८० च्या दशकात त्यांच्या गिटारींच्या जागी कॅसेटवरचं यंत्रसंगीत आलं (उन्हात तबकड्या वाकत, म्हणून कॅसेट), आणि त्यातून पुढे गोवा ट्रान्स जगभर गेला. पण मला या कथेत सगळ्यांत महत्त्वाची वाटते ती बाहेरून आलेली मंडळी नव्हे. मला त्या गावच्या बायका महत्त्वाच्या वाटतात. रात्री नाच सुरू झाला की त्या वाळूत चटया अंथरून, कंदील नि स्टोव्ह लावून बसत आणि पहाटेपर्यंत चहा, ऑम्लेट, पाव विकत. ज्या घराची झोप मोडणार, त्याच घराचा गल्ला भरत होता. शेजाऱ्याचा वाटा हा असा असतो! नाचात अंमली गोळ्याही होत्या, त्यापायी माणसं जिवानिशी गेली, आणि त्याची बाजू मी घेणार नाही. पण तेवढ्यावरून सगळा नाचच गोळ्यांनी उभा राहिला असं म्हणणं म्हणजे बँक चेकबुकांमुळे चालते असं म्हणण्यासारखं आहे.

यात कुणी सनबर्नचं नाव घेऊ नये. २००७ साली कांदोळीत सुरू झालेला हा उत्सव २०१६ साली पुण्यात गेला, २०१९ साली पुन्हा गोव्यात आला. तंबू उखडला की खुंटीची भोकं उरतात. सर्कस गावात आली म्हणून गावात कुणी झोपाळ्यावर उड्या मारायला शिकत नाही.

आता नंदाखाल. इथे सीन नाही?

भाच्याच्या आईचं, म्हणजे माझ्या बहिणीचं लग्न मला लख्ख आठवतं. घर आणि विहीर यांच्यामध्ये सारवलेलं अंगण, त्यावर मांडव, पलीकडे केळीची वाडी, त्यापलीकडे दुसऱ्याची वाडी. आधी ब्रास बॅण्ड आला. आमच्या वसईत बॅण्डवाचून लग्न म्हणजे साक्षीदारांवाचून सही. आणि रात्री एका पोराने चार पायांच्या स्टँडवर एक काळी पाटी आणून ठेवली. तिचे आठ रबरी चौकोन. एकावर काडी मारली की ढोल, दुसऱ्यावर मारली की टाळी, तिसऱ्यावर मारली की काच फुटल्याचा आवाज. ऑक्टोपॅड! कंपनी कुठली? तीच ती, रोलँड. बर्लिनच्या तिजोरीत जी शिरली तीच कंपनी आमच्या मांडवात शिरली होती, फक्त आमच्या मांडवात तिला जेवायलाही वाढलं होतं. म्हाताऱ्याकोताऱ्यांसकट शंभर-सव्वाशे माणसं मध्यरात्र उलटून जाईपर्यंत नाचली. इकडच्या आगरी-कोळ्यांच्या हळदीला जाऊन पाहा. नवरा बाजूला बसलेला असतो आणि सगळं गाव, कडेवरच्या पोरासकट, यंत्राच्या ठेक्यावर नाचत असतं. तिकीट नाही, दारावर धटिंगण नाही, वयाची अट नाही. पंचाहत्तर वर्षांच्या आजीला आत घेणारा क्लब बर्लिनमध्ये कितीसे असतील?

आणि तक्रार कोण करणार? शेजारी मांडवातच होता. त्याच्याच घरची पातेली आमच्या चुलीवर, त्याच्याच ओटीवर आमचे पाहुणे घोरत पडलेले. हणजूणच्या बायका चटई घेऊन बसत. आमच्या शेजारणी सुरी आणि कांदे घेऊन.

मग हे बिघडलं कुठे? सगळे एका सुरात म्हणतात, डॉल्बीमुळे. या शब्दाची गंमत सांगतो. रे डॉल्बी नावाच्या अमेरिकन गृहस्थांनी १९६५ साली लंडनला कंपनी काढली ती ध्वनिमुद्रणातली खरखर कमी करण्यासाठी. ज्याचं नाव आवाज साफ करण्याबद्दल जगात झालं, त्याचं नाव आपण ट्रकवर रचलेल्या कर्ण्यांच्या भिंतीला दिलं! औषधाच्या दुकानाला ‘हिवताप’ नाव द्यावं तसं.

डॉल्बीची बाजू मी घेत नाही. छातीत धडकी भरवणाऱ्या त्या भिंतीपुढे कुणाला नाचताही येत नाही, नुसतं हादरता येतं. पण आधी काय आलं ते बघा. उघड्यावर एका कर्ण्यापासूनचं अंतर दुप्पट झालं की आवाज सुमारे ६ डेसिबलनी उतरतो. चक्रवाढ व्याज उलटं फिरवलं की हे गणित येतं. दहा मीटरवर ८५ डेसिबल असलेला बॅण्ड वीस मीटरवर ७९, चाळीसवर ७३, आणि असं करत तीनशेवीस मीटरवर ५५. निवासी भागासाठी दिवसाची कायदेशीर मर्यादा नेमकी ५५ आहे, रात्रीची ४५. म्हणजे पूर्वी कायदा पाळण्याचं काम वाडी करत असे! केळी, माड, विहीर, बांध, पुन्हा केळी, एवढं ओलांडून जाईपर्यंत बॅण्ड दमून जाई. शेजाऱ्याच्या कानात शिरताना त्याचं अंगाईगीत झालेलं असे. आता तीनशेवीस मीटरांत सात इमारती उभ्या आहेत आणि त्यांतली पहिली दहा मीटरवर आहे.

त्या इमारतीत चौथ्या मजल्यावर राहणाऱ्या माणसाला मी दोष देत नाही. तो बिचारा पहाटे चारला उठून गाडी पकडतो. त्याला लग्नाचं आमंत्रण नाही, पातेलं कुणी मागितलं नाही, नवरीचं नावही माहीत नाही. त्याच्या वाट्याला लग्नातला फक्त आवाज येतो. तो पोलिसांना फोन करणार नाही तर काय आहेर करणार? कायदा २००० सालचा आहे. रात्री दहानंतर कर्णा बंद, वर्षातले फार तर १५ दिवस सरकार बारापर्यंत सूट देऊ शकतं. त्या १५ दिवसांत हळद बसवायची तर गावातल्या पोरापोरींनी आरक्षण करून प्रेमात पडावं लागेल.

म्हणून आता लग्नं हॉलमध्ये लागतात. हॉल तासावर. दहाला दहा कमी असताना मॅनेजर दिवे मिचकावतो. चार तासांत सगळं उरकायचं, म्हणून आवाज दुप्पट. ज्याला वेळ कमी त्याचा आवाज मोठा, हे मी काउंटरवर रोज पाहतो. तिकडे ब्रिटिश सरकारने १९९४ साली कायदाच केला की उघड्यावर रात्री शंभर माणसं जमवून, पुनःपुन्हा येणाऱ्या ठोक्यांचं संगीत लावलं तर पोलीस उठवतील. ही व्याख्या आमच्याकडे लावली तर शेतातला पंप, गिरणी, इमारतीच्या पायाचं यंत्र, आणि पेन्शनच्या दिवशी मी मारत असलेले शिक्के, सगळंच आत जाईल. पण त्यातलं इमारतीच्या पायाचं यंत्र आमच्या गल्लीत दीड वर्षं चाललं. त्याला डेसिबल लावायला कुणी आलं नाही. लग्न चार तासांचं असतं.

फादर फ्रान्सिस दिब्रिटो याच नंदाखालचे. २०२० साली उस्मानाबादच्या साहित्य संमेलनाचे ते अध्यक्ष होते. २०२४ साली गेले. त्यांनी आणि त्यांच्याबरोबरच्यांनी हरित वसईसाठी रस्त्यावर उतरून जी झुंज दिली ती पाण्यासाठी, शेतीसाठी, विहिरींसाठी होती असं आपण म्हणतो, आणि ते बरोबरच आहे. मी त्यात एवढंच लिहून ठेवतो की ती आमच्या नाचासाठीही होती आणि चौथ्या मजल्यावरच्या माणसाच्या झोपेसाठीही होती. भाचा आणि गाडीतले ते ज्येष्ठ, एकाला ठेका हवा नि दुसऱ्याला शांतता. दोघांनाही मिळायला मध्ये वाडीच लागते, आणि दोघेही ती सोडून बाकी सगळ्यांवर तोंडसुख घेतात.

वसईची जी काही वाडी अजून शिल्लक आहे ती, खरं सांगायचं तर, पुष्कळशी भावकीच्या कृपेने. सातबाऱ्यावर एकोणीस नावं, त्यांतली चार परदेशात, दोघं एकमेकांशी बोलत नाहीत, आणि एका आत्याची सही मिळत नाही. बर्लिनमध्ये जे महायुद्धाला आणि भिंतीला जमलं ते आमच्याकडे एकट्या आत्या करतात. अशा आत्यांचा खरं तर महापालिकेने सत्कार केला पाहिजे. केला पाहिजे म्हणजे, करणार नाहीत हे ठाऊक आहे.

आमच्या घरामागची वाडी अशीच एकोणीस नावांची. आमच्या बहिणीच्या लग्नाचा आवाज हिनेच गिळला होता. गेल्या शुक्रवारी तिच्या मालकांपैकी एक काउंटरवर आले. आत्यांची सही झाली म्हणाले. इसार येणार आहे, एकरकमी ठेवला तर पाच वर्षांच्या ठेवीला व्याज किती, आणि ज्येष्ठ नागरिकाला अर्धा टक्का जास्त मिळतो ना? व्याजाचं पत्रक माझ्या समोरच काचेखाली होतं.

“सर्व्हर डाऊन आहे,” मी म्हटलं. “सोमवारी या.”